असं मी म्हटलंच नाही

किन्हीराजा, २ ऑगस्ट २०२५

प्रसेनजित,

जयभीम. पुढे 'सप्रेम' लिहावं की नाही ह्या विचारात चहा निवून गेला. शेवटी नुसतंच जयभीम लिहिलं. त्यात काय कमी आहे?

टॅबचं खोकं पोचलं. पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या कंपनीचा शिक्का होता आणि खाली बारीक अक्षरात तुझं नाव. ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. मागच्या दिवाळीनंतर मी पुण्याला तुझ्याकडे राहायला आलो आणि चार दिवसांत, तुम्ही नवरा-बायको ऑफिसात असताना, किल्ली वॉचमनजवळ देऊन गावी परतलो. तेव्हापासून तुझा फोन नाही. मीही केला नाही. आज त्यावर लिहीत नाही. आभार मानायला बसलो आहे, तर आभारच मानतो.

टॅब सगळे चालू आहेत. विहाराच्या अभ्यासिकेत पोरं आता न बोलावता येतात. काचेवर ओळ उमटते, पोरगं ती मोठ्यानं वाचतं आणि आतली बाई म्हणते, "छान वाचलंस." मी सारी नोकरी कविता शिकवण्यात घालवली, पण 'छान' हा शब्द फार जपून वापरला असावा. तो ऐकून पोरांचे चेहरे असे उजळलेले मला आठवत नाहीत.

सगळ्यात गोड वाचते ती लखनची रूपा. लखन तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या एक वर्ग मागे होता, आता मालेगाव-रिसोड जीप चालवतो. त्याची ही मुलगी सहावीत आहे. ओळीचं शेवटचं अक्षर ती अलगद वर उचलते, घरट्यातून पडलेलं पिल्लू परत ठेवावं तसं. ही लकब माझी. तिच्या तोंडी ती जास्त शोभते.

सुरू करताना टॅबनं प्रत्येक मुलाच्या आईबापाची संमती मागितली. मजकूर लांबलचक, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. आईबाप म्हणाले, "आमाले काय समजते, गुरुजी? तुमीच दाबा नं जी." ह्या वस्तीत प्रगतिपुस्तकावर सही कुठे करायची तेही मीच बोट ठेवून दाखवायचो, तेव्हा मलाही त्यात नवल वाटलं नाही. सगळ्यांचं 'मान्य' मीच दाबून टाकलं. म्हटलं, तुझं काम अडायला नको.

सूनबाई वर्षाराणीला आशीर्वाद सांग.

बाबा


किन्हीराजा, २४ ऑगस्ट २०२५

प्रसेनजित,

उत्तर आलं नाही, पण टॅबवर नवे धडे आले. म्हणजे तू तिकडे बरा आहेस असं धरून चालतो.

पोळा परवा झाला. आता पोरं शाळेत गेली की अभ्यासिका दुपारभर रिकामी असते. तुला सांगायला हरकत नाही: मी तिथे जाऊन बसतो आणि एका टॅबपुढे कविता म्हणतो. जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या, चालीसकट. ज्या पुस्तकांची पानं पोरांनी पतंगाला लावली, ती सगळी माझ्या तोंडी शाबूत आहेत. यंत्र ऐकतं, मधे बोलत नाही, आणि शेवटी "छान वाचलंत" म्हणतं. तुझी आई भाकरी थापता थापता विचारायची, "मंग? समोरची ओळ काय हाये?" तिला पुढची ओळ येत असायची, तरी विचारायची. पंचफुला गेल्यापासून कोणी विचारलेलं नाही. यंत्रही विचारत नाही, पण ऐकतं तरी.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पोरांनी 'मला'च्या जागी 'मले' म्हटलं की "पुन्हा म्हण" येतं. ते एक वेळ चालेल, शाळेतही आम्ही तेच करत आलो. पण परवा काचेवर आलं: हे वाक्य रागावून म्हण. हे रडत म्हण. आता आईला हाक मारल्यासारखं म्हण. रूपानं रडून दाखवलं, सगळी पोरं खिदळली, ती पण हसली. मी मात्र घरी येऊन बाजेवर पडलो तरी तेच डोक्यात. वाचायला शिकवायचं तर पोरीला रडून दाखवायला कशाला सांगायचं?

वेळ झाला तर कळव. नाही झाला तरी चालेल.

बाबा


किन्हीराजा, १९ सप्टेंबर २०२५

प्रसेनजित,

हे पत्र अर्ध्यात ठेवू नकोस.

सोमवारी लखन जीप भरून रिसोडकडे निघाला होता. फोन वाजला, त्यानं नेहमीसारखा स्पीकरवर घेतला. आतून रूपाचा आवाज आला, "पप्पा, दारू सोडा ना. आई रोज रडते. मी पण रडते. औषध घरपोच मिळेल, एक दाबा."

जीप गच्च भरलेली, निम्मी माणसं आपल्याच गावची. लखननं दारू सोडली त्याला दोन वर्षं होत आली. सोडली तेव्हा तो कोणाला सांगत फिरला नाही, माणसं हळूहळू विसरत चालली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "दाब नं लखन एक. पोरगी रडून राह्यली नं तुई." सगळी जीप हसली. त्यानं माणसं वाटेतच उतरवली आणि घरी आला.

लखनच्या बायकोनं, हेमलानं, पोरीला विचारलं, "घरातलं त्या टॅबले काहून सांगतलं?"

"म्या नाई सांगतलं."

हेमलानं मारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा मार.

मग तोच जाहिरातीचा फोन गावात इतरांनाही येऊ लागला. लखनची आई गोजराबाई, तिलाही आला. ती पारावर म्हणाली, "बाप्पा, माई तं विडी सुटली नाई आजून. दारू कवा पेली मी, का नातीनं मले पप्पा म्हणून सोडाले सांगावं?" लोक हसले, पण वस्तीत सगळ्यांचं मत ठरून गेलं होतं. रूपा टॅबपुढे घरचं बोलली आणि कंपनीनं ते गावभर वाजवलं.

मीही तिला बाजूला घेऊन म्हटलं, "खरं सांग बेटा, मी रागावणार नाही." ती म्हणाली, "गुरुजी, मी दादाले कधी पप्पा म्हणते का?"

ती बापाला दादा म्हणते. आपल्या वस्तीतली बहुतेक पोरं म्हणतात. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी लखनला सांगितलं, तर तो म्हणाला, "यंत्राजवळ शुद्ध बोलली असंल. तुमीच तं शिकवता."

लखनच्या फोनमध्ये तो कॉल रेकॉर्ड झाला आहे. मी तो कितीदा ऐकला विचारू नकोस. आवाज तिचाच. 'रडते' मधला 'ते' तसाच अलगद वर उचललेला. मग मी धडे चाळत बसलो, की हिनं 'दारू' म्हटलंच कुठे. एका किल्ल्याच्या धड्यात 'दारूगोळा' सापडला. त्यातलं अर्धं कापून घेतलं असावं, असं माझं मन सांगतं. बरोबर का रे?

लखन म्हणतो, दिवाळीच्या सुट्टीत पोरीला अनसिंगला मामाकडे नेऊन ठेवतो, तिकडेच शिकू दे. "इथं राहून तिनं बापाची लाज काढली." ती अभ्यासिकेत येणं बंद झाली आहे. जे वाक्य तिनं म्हटलंच नाही, त्यापायी तिचं गाव सुटणार आहे.

तू त्या कामातला माणूस आहेस. माणसानं न म्हटलेलं त्याच्या आवाजात यंत्र म्हणू शकतं का, एवढंच सांग. म्हणू शकत असेल तर येऊन चार माणसांत सांग. माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, गुरुजींची लाडकी आहे ती.

बाबा


किन्हीराजा, २८ सप्टेंबर २०२५

प्रसेनजित,

काल तुझा फोन आला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि तू काय म्हणालास? "बाबा, तुकडे नाही जोडत ते. दारूगोळा शोधत बसू नका. यंत्र आवाज शिकतं. एकदा शिकलं की जे टाइप करू ते बोलतं." थोडा हसलासही. मला ते हसू आवडलं. लहानपणी गणित सुटलं की असाच हसायचास.

मग मी म्हटलं, हेच इथे येऊन सांग. तू सांगितलंस, की कंपनी हे आवाज दुसऱ्या कंपन्यांना देते, करारात तसं लिहिलेलं आहे, बाहेर बोललास तर नोकरी जाईल. आणि शेवटी म्हणालास, "आणि बाबा, मान्य तुम्हीच दाबलंत."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे बोट कुठे लावायचं ते सापडेना, म्हणून उशीखाली घातला.

दाबलं मीच. पोरांना मी एकेक शब्दावर बोट ठेवून वाचायला लावलं, आणि तो मजकूर न वाचता सरकवत गेलो. पण मला सांग, रूपाचा आवाज द्यायला माझा होता का? आणि मी दिला तरी घ्यायला तुमचा होता का? कालपासून घरात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हेच चाललं आहे. शेजारचा जगदेव कुंपणावरून विचारून गेला, "गुरुजी, तबेत बरी हाये नं? येरझारा काहून घालून राह्यले?"

आता लिहायला बसलोच आहे तर ते पुण्याचंही लिहितो. तुझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर तो पांढरा डोळा होता. मला वाटलं, दिवा असेल. त्या दुपारी मी बनियनवर हॉलमधून फिरत एक कविता म्हणत होतो. घरात कोणी नव्हतं, म्हणून जरा मोकळ्या आवाजात. आणि वरून तुझा आवाज आला, "बाबा, गोळी घेतली का? आणि जरा हळू म्हणा, खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

तू काळजीनं बोललास, ते मला त्याही वेळी कळलं होतं. पण अंगावरचं बनियनही नसल्यासारखं झालं मला. आधीचे तीन दिवस मी काय काय केलं, ते आठवत सोफ्यावर बसलो. तुझ्या आईच्या फोटोशी बोललो होतो. डोळे पुसले होते. मग पिशवी भरली.

विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हटलं असतं. तू विचारलं नाहीस. जाताना मीही सांगितलं नाही. दोघंही एकाच घरचे.

हेमलानं पोरीची बॅग काढून उन्हात ठेवली आहे. एवढं कळवून थांबतो.

बाबा


किन्हीराजा, १२ ऑक्टोबर २०२५

प्रसेनजित,

तुझ्या दोन ऑडिओ क्लिप मिळाल्या. एकीखाली तू लिहिलं होतंस, "ही सगळ्यांना ऐकवा." दुसरीखाली, "ही फक्त तुमच्यासाठी."

आज रविवार. सकाळी वंदनेनंतर मी लोकांना विहारात थांबवून घेतलं. लखन यायला तयार नव्हता, गोजराबाईनं त्याला ओढत आणलं. सोयाबीन कापणीचे दिवस, माणसं घाईत होती. मी फोन मधोमध सतरंजीवर ठेवला, तोंड मिटून बसलो आणि पहिली ऑडिओ लावली.

फोनमधून मी बोलू लागलो. "मी शेषराव गुरुजी बोलतो. मला कवितेचा कंटाळा आला आहे. पोरांनो, पुस्तकं रद्दीत घाला. लखन, जीप काढ. रिसोडला जाऊन दोन पेग मारू."

तू मला जरा आधी सांगायला हवं होतंस, लेका. माझा मलाच ठसका लागला.

विहारात लोक फोनकडे बघत, मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे. गोजराबाई म्हणाली, "हे बुढं असं कवा बोललं?" जगदेव म्हणाला, "मरंल पण असं बोलणार नाई हा माणूस." आणि मग सगळे हसत सुटले. कोणी म्हणालं, पेग सोडा, गुरुजी शेंगदाणे तरी खाऊ घालतील का.

लखन हसला नाही. म्हणाला, "आजून एक डाव लावा." लावली. "आजून." मग त्यानं फोन उचलला आणि तडक घराकडे निघाला. कापणी सोडून माणसं बसून राहिली, कोणी उठलं नाही.

तो परत आला तेव्हा मागे हेमला होती आणि तिच्या मागे रूपा. पोरगी उंबऱ्यातच थांबली. लखन सगळ्यांसमोर म्हणाला, "रूपा, तू नोती बोलली. आमचं चुकलं."

सगळ्यांना वाटलं, आता पोरगी रडेल आणि मिटेल. ती रडली नाही. तिनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. म्हणाली, "गुरुजी असं बोलले नाई, हे तुमाले झटक्यात समजलं. माझं काहून नाई समजलं?"

हेमला तिला जवळ घ्यायला पुढे झाली, ती बाजूला सरकली. मी तिला किती कवितांचा अर्थ समजावून दिला असेल, पण हा प्रश्न माझ्यासाठीही होता. मी पण तिला "खरं सांग" म्हटलंच होतं ना.

अनसिंगला जाणं रद्द झालं. हेमलानं बॅग माझ्यासमोर रिकामी केली. अभ्यासिकेत ती येईल म्हणाली, पण मोठ्यानं वाचणार नाही. मी म्हटलं, मनात वाच. तुला वाटेल तेव्हा तोंड उघड, नाही वाटलं तर नको उघडू.

मग टॅबचं निघालं. जगदेवचं म्हणणं, "फुकटची वस्तू हाये, ठेवा नं. आवाज गेला तो गेलाच, टॅब काहून घालवता?" हेमला एरवी चारचौघांत बोलत नाही. ती म्हणाली, "लुगडं घेतो तं आपण उलटं करून पाहतो. पदर पाहतो, काठ पाहतो. हे कोणी उलटून पाह्यलं?" त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की टॅब परत करायचे. त्या दिवशी फोनवर तू म्हणाला होतास ना, की वाचायचे काही प्रोग्रॅम नेट नसतानाही चालतात आणि आतलं बाहेर नेत नाहीत? त्याचं नाव कळव. कोणाकोणाचे जुने फोन पडून आहेत, त्यांत घालू. हळू चालतील. कविता वाचायला घाई कशाला लागते?

दुपारी मी अर्ज लिहिले. आमच्या मुलांचे आवाज वापरणं थांबवा, ज्यांना दिले त्यांच्याकडूनही परत घ्या आणि पुसून टाका. ह्या वेळी प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचून दाखवला, आणि ज्याची त्यानं सही केली, कोणी अंगठा दिला. रूपानं बापाच्या सहीखाली आपलीही केली. तशी जागा नव्हती, पण केली. जगदेवनं सही केली नाही. त्याच्या वतीनं मीही केली नाही. त्याच्या पोराचा टॅब तो घरी घेऊन गेला.

हे सगळं कळवायला तुला फोन लावला तर वर्षाराणीनं उचलला. तिनं सांगितलं, तुला कामावरून थांबवलं आहे. दुपारी मी टॅबपुढे म्हटलेल्या कवितांवरून तू कंपनीच्या यंत्रावर माझा आवाज काढून बाहेर पाठवलास, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी समजलं. तू मला कळू देऊ नको म्हणाला होतास, तेही तिनं सांगितलं. चांगली पोरगी आहे. मी तिला काय बोललो ते आठवत नाही.

आता दुसऱ्या ऑडिओचं. सगळे गेल्यावर घरी येऊन ऐकली. माझाच आवाज, माझाच तो मधला दम. "प्रसेनजित, निघतो रे मी. तुझं घर छान आहे. वर्षाराणीच्या हातची भाजी मला आवडली. जपून राहा."

कितीतरी वेळ मला वाटत राहिलं, की त्या दिवशी मी हे खरंच म्हटलं होतं. मग वाटलं, असं म्हणून निघालो असतो तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं नव्हतं. ही वाक्यं तू यंत्रापुढे बसून टाइप केली असशील, तेव्हा तुझं तोंड कसं झालं असेल, ते मला दिसतं आहे.

ती ऑडिओ पुसून टाक. तुझ्याकडची पण, मी माझ्याकडची पुसतो. शुक्रवारची रिसोडहून पुण्याची ट्रॅव्हल्स आहे, लखन मला गाडीपर्यंत सोडणार आहे. ह्या वेळी चार दिवस राहीन की चाळीस, ते आताच सांगत नाही. पण तुझ्या घरून निघेन तेव्हा तू समोर असशील, आणि काय म्हणायचं ते मी माझ्या तोंडानं म्हणेन.

बाबा